हलकं नाही, बारीक

"आधी गुडघ्यावर घे, मग पाठीवर. एकदम उचललंस तर कंबर धरंल तुजी."

जयवंतीची आई खळ्याच्या कडेला उभी राहून हे सांगायची. सफाळ्याच्या आतल्या अंगाला त्यांचं गाव. भाताचं अर्धं भरलेलं पोतं घरात न्यायचं असलं की बारा वर्षांची जयवंती ते आधी उजव्या गुडघ्यावर टेकवायची, मग वळून पाठीवर घ्यायची. छपन्नाव्या वर्षी बोईसरच्या बाजारात बॅगांच्या दुकानात उभी असताना तिने तेच केलं. दुकानदाराने काढून दिलेली मोठी पाठपिशवी गुडघ्यावर टेकवली आणि वळून पाठीवर घेतली.

दुकानदार हसला. "आंटी, ट्रॉली ले लो ना. चक्के हैं, खुद चलेगी."

"चालायचं मला आहे, तिला नाही," जयवंती हळूच म्हणाली आणि तीच पाठपिशवी घेऊन कुंभवलीला घरी आली.

चालायचं होतं वणीच्या गडापर्यंत. दोन वर्षांपूर्वी दिनानाथांच्या, म्हणजे तिच्या यजमानांच्या, हृदयाची शस्त्रक्रिया झाली. ते आत होते तेव्हा बाहेरच्या बाकावर बसून ती म्हणाली होती, "आई सप्तशृंगी, हे घरी आले तर माझ्या पायांनी गडावर येईन. तुझी साडी माझ्याच पाठीवर आणीन." ते घरी आले. पुढच्या माघात ती निघणार, तर तिच्याच मणक्याची चकती सरकली आणि वर्ष तसंच गेलं. आता पुन्हा माघ आला होता. पालघरचे डॉक्टर म्हणाले, चाला खुशाल, पण पाठीवर पाच किलो, पाणी धरून. त्याच्यावर एक नारळसुद्धा नाही.

बोईसरहून दरवर्षी पंचवीस-तीस माणसं पायी जात. मनोर, विक्रमगड, जव्हार, मोखाडा, त्र्यंबक, नाशिक आणि मग वणी. दहा दिवसांची वाट. सामान टेम्पोतून जाई. मंडळाचे प्रमुख तात्या घरी येऊन सांगून गेले होते, "वहिनी, साडी टेम्पोत ठेवा. देवी काय पावती मागणार हाय का, कोणाच्या पाठीवरून आली म्हणून?"

"देवी नाही मागणार," जयवंती म्हणाली. "पण बोलले मी आहे ना."

तात्यांनी चहा प्यायला आणि पुन्हा तो विषय काढला नाही. जयवंतीचा आवाज कधी चढत नसे, पण ती बोलली की माणसं पुढचा मुद्दा शोधायची थांबत, हे आख्ख्या आळीला माहीत होतं.

ती पाठपिशवी भाग्यश्रीने पाहिली आणि कपाळाला हात लावला. भाग्यश्री म्हणजे दिनानाथांची पुतणी. कोळगावला जिल्हा कार्यालयात कारकून, आणि रविवार उजाडला की कुठल्यातरी डोंगरावर. चिकू मोजायचा टांगता काटा परसातून आणून तिने रिकामी पिशवी त्याला अडकवली. दोन किलो शंभर.

"काकी, पाच किलोतले दोन तर हिनेच खाल्ले. मग तू नेणार काय? देवीची साडी आणि हवा?"

"चांगली भक्कम आहे गं. कप्पे बघ किती."

"कप्पे आहेत म्हणून तू भरशील. साठ लिटरची आहे. मोठी पिशवी रिकामी ठेवायला कोणाचं मन धजत नाही."

ते मात्र खरं होतं. जयवंतीने आदल्या संध्याकाळीच तिच्यात लाह्यांचा डबा घालून पाहिला होता.

भाग्यश्रीने शिवणाची टेप मागितली. काकीला पाठमोरी उभी केली, मान पुढे झुकवायला लावली आणि मानेखालच्या वर आलेल्या हाडापासून कमरेच्या हाडाच्या रेषेपर्यंत मोजलं. सोळा इंच. "पिशवी उंचीवरून नाही घ्यायची, पाठीवरून घ्यायची," ती म्हणाली. "तुझी पाठ लहान आहे. मोठ्या मापाची घेतलीस तर पट्टा मांड्यांवर येईल आणि सगळा भार खांद्यांना लोंबकळेल."

आठ दिवसांनी कुरिअरवाला पुडकं देऊन गेला. आतून निघाली ती राखी रंगाची, गुंडाळून बंद करायच्या तोंडाची, कप्पे जवळजवळ नसलेली पिशवी. काट्यावर सहाशे वीस ग्रॅम. आत पत्रा नाही, सळी नाही. झोपायची फोमची पट्टी घडी करून पाठीच्या बाजूला सरकवायची, तोच तिचा कणा.

दिनानाथ झोपाळ्यावर बसून हे सगळं बघत होते. तारापूरच्या एका कापड कारखान्यात त्यांनी फोल्डिंग खात्यात एकतीस वर्षं काढली होती. टेबलावरून पुढे सरकणारं कापड बघायचं, दोष दिसला की खूण करायची. अजूनही कोणाच्या अंगावर नवा सदरा दिसला की त्यांची बोटं आपसूक बाहीकडे जात. त्यांनी पिशवी ओढून घेतली, कापड चिमटीत धरून अंगठ्याने घासलं आणि परत दिली.

"हलका माल."

"काका, हलकीच हवी ना?"

"हलका माल म्हंजे आमच्यात काय, ठावं हाय का तुला? जे गिऱ्हाइकाला देता येत नाय ते. किलोवर जातं. ह्याच्यात देवीची साडी घालून नेणार?" ते जयवंतीकडे वळले. "रस्त्यात फाटली म्हंजे?"

जयवंतीने पिशवीची घडी घातली. पण तो शब्द तिच्या मनात रुतून बसला. देवाचं काही करताना तिने कधी हलकं वापरलं नव्हतं. उदबत्ती हलकी नाही, तूप हलकं नाही, नैवेद्याचे तांदूळ घरात खायच्या तांदळापेक्षा वरचे. आणि आता देवीची अकरा वारी साडी अशा पिशवीत? त्या रात्री तिने नवी पिशवी कपाटावर ठेवून दिली आणि बाजारातली जुनी खाली काढली.

भाग्यश्रीने वाद घातला नाही. "रविवारी तांदूळवाडीच्या किल्ल्यावर जाऊ," एवढंच म्हणाली. "दोन्ही घेऊ. चढताना जुनी तू घे, उतरताना नवी. मग ठरव."

सफाळ्याला उतरून त्या निघाल्या तेव्हा उन्हं अजून कोवळी होती. चढणीवर जुन्या पिशवीने अर्ध्या तासातच जयवंतीला घाम फोडला. वरच्या टाक्यापाशी बसेपर्यंत तिच्या डाव्या पायात कळ उतरली होती. तिने ते सांगितलं नाही, पण भाग्यश्रीने तिचा पाय चोळताना पाहिलं.

उतरताना नवी पिशवी घेतली आणि तिने तर आणखीच त्रास दिला. ती मागे ओढत होती, आणि कमरेचा पट्टा पोटात असा रुतत होता की शंभर पावलांवर जयवंती थांबली.

"बघ," ती म्हणाली, "ह्यांचं खरं निघालं."

भाग्यश्रीने तिला खाली बसवलं आणि पिशवी उघडली. तळाला पाण्याच्या दोन बाटल्या, वर साडीऐवजी घेतलेली चादर. जयवंतीने बाजाराची पिशवी भरतात तशी भरली होती: जड खाली, म्हणजे वरचं चेंगरत नाही.

"ही पाठीवर असते, काकी, हातात नाही. मऊ खाली, जड मध्ये, आणि पाठीला चिकटून. आणि पट्टा कशावर बांधलास?"

पट्टा नेमका निऱ्यांच्या खोच्यावर आणि परकराच्या नाडीच्या गाठीवर आवळलेला होता. पोटावर गाठीएवढा लाल वळ उठला होता. भाग्यश्रीला हसू आवरेना. मग जयवंतीही हसली.

"असल्या पिशव्या करणाऱ्यांनी परकराची गाठ बघितलेली नाही," भाग्यश्री म्हणाली. "पंजाबी ड्रेस घालावा लागेल तुला. सैल, इलास्टिकचा."

तिथेच पिशवी पुन्हा भरली. पट्टा गाठीच्या खाली, कमरेच्या हाडांवर आणला, आधी तो आवळला आणि खांद्याचे पट्टे त्यानंतर ओढले, तेही थोडेच. जयवंती उठली, चार पावलं चालली. थांबली. पुन्हा चालली. खांद्यांवर नुसते हात ठेवल्यासारखं वाटत होतं. पायथ्याच्या करवंदीच्या जाळीत पिशवी अडकली, भाग्यश्रीने ओढून सोडवली, तरी एक धागा निघाला नाही.

घरी आल्यावर तिने ती जागा दिनानाथांना दाखवली. त्यांनी चष्मा लावला, पिशवी उजेडाकडे धरली. कापडात बारीक बारीक चौकटी विणलेल्या होत्या, दर चार-पाच धाग्यांनंतर एक जाड धागा. त्यांनी नखाने उभं खरवडलं, आडवं खरवडलं. दोन्ही हातांनी ताणलं. बराच वेळ गेला. चहा निवला.

"मी चुकलो," ते म्हणाले. "हे हलकं नाय. बारीक हाय. सूत बारीक हाय, पण वीण घट्ट. फाटलंच तर एका चौकटीतच थांबंल, पुढं जायाचं नाय." मग जरा थांबून, "आमच्या खात्यात असा माल आला असता तर मी सही करून सोडला असता."

पंजाबी ड्रेसमध्ये तिला पाहिलं तेव्हा मात्र ते म्हणाले, "कोळगावला नोकरीला लागलीस का काय?"

निघायच्या दोन दिवस आधी सगळं काट्यावर चढलं. पिशवी, फोमची पट्टी, पातळ दुलई, एक जोड कपडे, पंचा, औषधं, फोन, लिटरभर पाणी. बाटली एकच, कारण वाटेत गावागावांत पाणी मिळणार होतं. देवीची साडी अकराशे ऐंशी ग्रॅम, तिला हात लावायचा नव्हता. परसातला नारळ नेणार होती, तो भाग्यश्रीने बाहेर काढला. बोलणं साडीचं होतं, नारळ गडावर मिळतो. जयवंतीने ते मानलं. तरी काटा पाच किलो सातशे दाखवत होता.

सगळ्यात खाली, पंच्यात गुंडाळलेलं, पितळेचं निरांजन होतं. सोबत देवीचा टाक, ताम्हन, पळी, तुपाची डबी. आठशे सत्तर ग्रॅम.

"काकी, मातीची पणती ने ना. तीस ग्रॅमची."

जयवंतीने मान हलवली. लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी, चहाचा घोट घ्यायच्या आधी, घरच्या टाकापुढे ह्याच निरांजनात दिवा. चौतीस वर्षं. मुलीच्या बाळंतपणाला गेली तेव्हा टाक आणि निरांजन सोबत. शस्त्रक्रियेच्या दिवसांत इस्पितळाजवळच्या भाड्याच्या खोलीतही तेच. नेम मोडून नवस फेडायचा, तर फेडला काय?

भाग्यश्रीने बाकीचं सामान पुन्हा चाचपलं. दुलई काढली तर थंडी, औषधं काढली तर डॉक्टर. आणि सातशे ग्रॅमने काय होतं, असं जयवंतीला म्हणता येत नव्हतं. ती डावा पाय विसरली नव्हती. जव्हारच्या घाटात पाठ धरली तर टेम्पोत बसावं लागेल, आणि साडीही टेम्पोत जाईल.

"ते हितंच ठेव," दिनानाथ झोपाळ्यावरून म्हणाले. "दिवा मी लावीन."

दोघींनी त्यांच्याकडे पाहिलं. दिनानाथ आठला उठत. आधी चहा, मग पेपर, मग दुसरा चहा. अंघोळ दहाला. देवघरात ते दिवाळीला नमस्कार करायला जात, तेवढंच.

"तुम्ही?"

"दहा दिवस जायाचे, गडावर एक, यायचा एक. बारा दिवस. अंघोळ करून, चहाच्या आधी."

"एक दिवस जरी राहिला तरी—"

"ठावं हाय. चौतीस वर्सं मी तो चहा तुझा दिवा लागल्यावरच पीत आलोय. माझ्या चहाला उशीर का होतो, हे मलाच ठावं नसंल?" त्यांनी झोपाळा पायाने थांबवला. "एक हाय पण. रोज फोन करून विचारायचं नाय, लावला का म्हणून. विचारणार असशील तर घेऊन जा तुझं निरांजन."

जयवंती बराच वेळ पंच्याच्या गाठीवर हात ठेवून बसली. विचारायचं नाही. म्हणजे तिकडे मोखाड्याच्या रस्त्यावर सकाळी पाय उचलताना तिला कळणार नव्हतं, इकडे दिवा लागला की नाही. नेम तिचा, आणि हात दुसऱ्याचा. स्वतःचं ओझं स्वतः वाहीन म्हणून बोललेली ती, हे कसं देणार? पण मी बोलले होते साडीचं, तिला आठवलं. साडीचंच.

तिने गाठ सोडली. टाक देवघरात जागेवर ठेवला, निरांजन त्याच्यापुढे. वाती कुठल्या डबीत, तूप कुठे, फुलं कुठल्या झाडाची चालतात आणि कुठल्या नाही, हे तिने एकदाच सांगितलं. दिनानाथांनी पुन्हा विचारलं नाही.

काटा चार किलो आठशे तीसवर थांबला.

निघायच्या दिवशी ती चारला उठली. अंघोळ, दिवा, चहा. आजचा दिवा तिचा, उद्यापासूनचे त्यांचे. साडी मधोमध, पाठीला लागून, दुलई तळाला, बाटली बाजूच्या जाळीत. पट्टा कमरेच्या हाडांवर बसला आहे ना, ते तिने दोन्ही अंगठ्यांनी चाचपलं.

दिनानाथ आत झोपले होते. त्यांच्या उशाशी गजराचं घड्याळ होतं. काल संध्याकाळी त्यांनी ते कधी काढून आणलं, तिला कळलं नव्हतं. गजराचा काटा पाचवर लावलेला होता. त्यांना उठवावं, सांगून निघावं, असं तिच्या मनात आलं. मग ती ओटीवरूनच वळली.

तात्यांची माणसं साडेसहाला बोईसरला भेटणार होती, तिथून चिल्हार फाट्याचा रस्ता. तिचं चालणं मात्र दारापासून. कारखान्यांची सकाळची पाळी अजून सुरू व्हायची होती, रस्ता मोकळा होता. जयवंतीने फाटक आवाज न करता ओढून घेतलं आणि बोईसरच्या दिशेने चालायला लागली.