रिकाम्या बॅगेचा आवाज

क्वेताने किल्ली पाहुणीच्या तळहातावर ठेवली, पण स्वतःची बोटं काढून घेतली नाहीत. सूचना संपल्याशिवाय किल्ली सुटत नसे.

“चौकातल्या घड्याळाखाली उभ्या राहाल तेव्हा वर बघू नका, पर्सकडे बघा,” ती म्हणाली. “वर बघणारे पाचशे असतात. पर्सकडे बघणारे दोघंच. तुम्ही आणि चोर.”

पाहुणी हसली. ग्रासा तिचं नाव. नाताळाआधीचं प्राग बघायला ती नवऱ्याबरोबर पोर्तोहून आली होती. चार जिने चढून आलेला नवरा दाराची चौकट धरून धापा टाकत होता.

“पुलावर उजाडायच्या आत जा. दहानंतर तिथे माणसांच्या पाठी दिसतात, नदी दिसत नाही. संध्याकाळी मात्र परत जायचं. या दिवसांत दिवेवाला येतो, लांब काठीने गॅसचे दिवे एकेक करून लावत जातो. सगळे त्याच्या मागे धावतात. तुम्ही पुढे जाऊन थांबा. म्हणजे उजेड तुमच्याकडे चालत येईल.”

“आणि ते गोड, नळीसारखं? निखाऱ्यावर फिरवून भाजतात ते? जागोजागी पाट्या आहेत, जुना इथला पदार्थ म्हणून.”

“त्रदेल्निक.” क्वेताने तो शब्द चिमटीत धरल्यासारखा उच्चारला. “ज्या पदार्थाच्या पाटीवर ‘जुना’ असं लिहावं लागतं, तो खाऊ नये. आमच्यापैकी कुणी तो खाताना दिसलं तर खुशाल समजा, त्याची तब्येत बरी नाही.”

मग तिने बोटं काढून घेतली. पाहुणे दुसऱ्या मजल्यावर उतरले. त्यांच्या दाराची कडी वाजेपर्यंत ती जिन्याच्या तोंडाशी उभी राहिली. चपलेचा पुढचा भाग पहिल्या पायरीच्या काठापर्यंत आला होता. तिथून तो पुढे गेला नाही.

पूर्वी या घरात आठ कुटुंबं होती. आता एक उरलं होतं, तेही एकटीचं. बाकीचे फ्लॅट चार-चार दिवसांच्या पाहुण्यांना दिले जात, आणि किल्ल्या सांभाळायचं काम घरमालकाने क्वेताकडे सोपवलं होतं. निवृत्त शिक्षिका, सदा घरात, तीन भाषा येतात. त्याला आणखी काय हवं होतं? ती खरोखरच सदा घरात असते, हे मात्र त्याला माहीत नव्हतं.

मार्चमध्ये जिन्याच्या वरच्या वळणावर ती पडली होती. दगडी पायऱ्या मधोमध झिजून चमच्यासारख्या खोलगट झाल्या होत्या. पाय घसरला, गुडघ्याला खरचटलं, एवढंच. ती आपली आपण उठली, वर आली, कुणाला काही बोलली नाही. गुडघा आठवड्यात बरा झाला. पण त्यानंतर खालच्या पायरीवर पाऊल ठेवायला गेली की हात आपोआप कठड्याला घट्ट धरून बसे. उद्या जाऊ, असं म्हणता म्हणता उन्हाळा गेला. चेस्टनटची पानं गळाली, ती तिने खिडकीतून पाहिली.

कुणाला न सांगण्याचं कारण तिचा मुलगा रादिम होता. नवरा, ओताकार, गेला त्या वर्षी मुलाने ब्रनोला स्वतःच्या घरात खालची खोली तिच्यासाठी रंगवून घेतली होती. ती गेली नव्हती. पुष्कळ वाद झाला, आणि शेवटी एक बोली ठरली.

“जिना जमतोय तोवर राहा,” रादिम म्हणाला होता. “ज्या दिवशी जमणार नाही त्या दिवशी मी रिकामी बॅग घेऊन येईन. मग एक शब्द बोलायचा नाही.”

“नाही बोलणार,” तिने कबूल केलं होतं. तेव्हा ती रोज दोनदा खाली जात असे.

“बाई!” आतल्या चौकातून हाक आली. “टोपली सोडा! हात गारठले!”

क्वेता मागच्या सज्जात गेली आणि दोरीला बांधलेली टोपली खाली सोडली. तळमजल्यावरच्या खानावळीचा वाढपी लुबोश तिथे शर्टाच्या बाह्या वर करून उभा होता. शाळेत तो तिच्या हाताखाली रसायनशास्त्रात दोनदा नापास झाला होता आणि ही गोष्ट तो गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगे.

“आज काय आहे?”

“गुलाश. आणि पावाचे उकडलेले गोळे, चार. इलोनावहिनी येणार म्हणून बारीक व्हायचं असेल तर दोन काढून घेतो.”

“रादिम आणि इलोना चोवीस तारखेला येणार आहेत. आज बावीस. चार राहू दे.”

लुबोशने टोपलीत डबा ठेवला, पण दोरी हलवली नाही. “बाई, एक विचारू? नाताळाला रादिम म्हणेल, चल आई, चर्चला जाऊ. मग?”

“मग मला सर्दी झालेली असेल.”

“गेल्या ईस्टरलाही सर्दीच होती.”

“लुबोश, तू नापास का झालास ठाऊक आहे? उत्तर येत नसलं की प्रश्न विचारायचास. ओढू का?”

“ओढा,” तो म्हणाला. “मी काही बोललो नाही. मी फक्त गुलाश आणलं.”

रोज संध्याकाळी सात वाजता रादिमचा फोन येई. त्याआधी पाहुणे परतलेले असत, काही ना काही विचारायला वर येत आणि त्यांना दार उघडून क्वेता विचारी, “मग, काय काय पाहिलंत?” लोकांना सांगायला आवडतं. यंदाचं झाड थोडं एका बाजूला कललंय, कोपऱ्यावर मासेवाल्याने निळी पिंपं मांडलीत, त्यात कार्प मासे कान हलवल्यासारखे कल्ले हलवतायत, गरम वाइनमध्ये लवंग जास्त झालीये. हे सगळं ऐकून, दिवाणखान्यातल्या खुर्चीत बसून ती ते मुलाला सांगे, स्वतः पाहिल्यासारखं.

हे कसं करायचं, तेही तिला चांगलं माहीत होतं. प्रयोग न करताच आकडे लिहून आणणारी मुलं तिने आयुष्यभर पकडली होती. खोटे आकडे फार नीटनेटके असतात. म्हणून ती आपल्या गोष्टी जरा बिघडवून सांगे. ट्राम उशिरा आली. बाकावर बसायला गेले तर ओला होता. एक हातमोजा कुठेतरी पडला. हातमोज्याची गोष्ट ऐकून रादिमने नवी जोडी पाठवली होती. ती न घालता खणात ठेवलेली होती.

त्या संध्याकाळी ग्रासा वर आली तेव्हा तिच्या दोन्ही हातांत कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं आणि चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्याचे भाव होते.

“रागावू नका. आम्ही खाल्लंच ते. आणि तुमच्यासाठीही एक आणलं. चार जिने चढून आणलंय, नाही म्हणायचं नाही.”

त्रदेल्निकच्या पोकळीत आइस्क्रीम भरलेलं होतं. ते कडेने वितळून कागदावर ओघळत होतं. नको म्हणायला क्वेताने तोंड उघडलं. पण त्या नळीला बाहेरचा वास होता. कोळशाचा, जळक्या साखरेचा, थंड हवेचा. तिने ते घेतलं. दार लावून ओट्याशी उभ्याउभ्याच खाल्लं, बोटं चाटून, सगळं. मनगटापर्यंत ओघळ आला तोही सोडला नाही.

सात वाजता फोन आला.

“काय आई, आज कुठे भटकलीस?”

“चौकात. झाड बघून आले. कललंय थोडं, पण बरं आहे. गर्दी मेली इतकी, की परत येताना कुणीतरी पायावर पाय दिला.”

“खाल्लंस का काही?”

“खाल्लं ना. त्रदेल्निक. आत आइस्क्रीम घातलेलं.”

पलीकडे इलोना भांडी लावत असल्याचा आवाज येत होता. तो थांबला नाही, पण रादिमचा आवाज थांबला.

“कसं होतं?” मग त्याने विचारलं.

“गोड. पण छान होतं रे. खरंच छान होतं.”

“बरं,” तो म्हणाला. “नीट झोप, आई.”

फोन ठेवून तिने चहाचं पाणी चढवलं. पाण्याला बुडबुडे येऊ लागले तेव्हा तिचा हात डब्याच्या झाकणावरच राहिला. याच स्वयंपाकघरात ओताकार म्हणत असे, की त्रदेल्निक खाण्यापेक्षा मी ते भाजायची लाकडी दांडी खाईन; आणि ती म्हणत असे, दांडी तरी इथली असते. लहानपणी रादिमने एकदा हट्ट धरला होता, तेव्हा तिने त्याला रस्त्यात उभं करून साखर आणि लबाडी यांवर अख्खा तास घेतला होता. महिनोन्महिने तिने त्याला पूल सांगितले, ट्रामी सांगितल्या, दिवे सांगितले, आणि त्याने सगळ्यावर विश्वास ठेवला. या सगळ्यात खरी गोष्ट तिने आज एकच सांगितली होती, आणि नेमकी तीच त्याला पटली नसणार.

पाणी आटत आलं तेव्हा तिने गॅस बंद केला. चहा केला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून बर्फ पडू लागला. क्वेता खिडकीशी बसून व्हॅनिलाची चंद्रकोरी बिस्किटं साखरेत घोळवत होती. गल्लीतून बॅगा येत-जात होत्या. चाकं दगडांवरून गेली की घर त्यांच्यासकट थरथरे, आणि इतक्या वर्षांत तिचा कान तयार झाला होता. भरलेली बॅग घासत जाते, तिचा आवाज जाड आणि सलग असतो. रिकामी बॅग उड्या मारते. दगडादगडावर टणटणते, ओढणाऱ्याला तिला धरून ठेवावं लागतं. नाताळाआधी गल्लीत रिकामी बॅग कुणी आणत नाही.

दिवे लागून गेल्यावर ती आली. टणटणत, अडखळत, पुलाच्या बाजूने.

क्वेताने साखरेचे हात तसेच ठेवून खाली पाहिलं. बॅगवर आणि बॅग ओढणाऱ्याच्या हिरव्या टोपीवर बर्फ साचला होता. ती टोपी तिनेच विणली होती. बॅग दाराशी थांबली.

“अरे रादिम!” लुबोशचा आवाज जिन्यातून वर आला, गरजेपेक्षा बराच मोठा. “उद्या येणार होतास ना तू? ये, ये आत, एक बिअर घे!”

“नको रे. आधी आईकडे जातो.”

“आई कुठे पळून जातेय? म्हणजे... असेल कुठेतरी बाहेर! फिरायला! तू बस. अर्धी तरी घे. बर्फात भिजून आलेल्या माणसाला मी असा वर जाऊ देणार नाही, धंद्याची अब्रू आहे.”

क्वेता उठली. कपाटातून कोट काढला, अंगावर चढवला, बटणं एक घर चुकवून लावली. बूट घातले. खणातले नवे हातमोजे घातले, त्यांच्या टोकाला अडकवलेला दोरा दातांनी तोडला. भाजीची पिशवी घेतली, त्यात हाताला लागले ते दोन बटाटे टाकले. दार उघडलं.

पहिली पायरी. हात कठड्यावर गोठला. खाली लुबोश बोलत होता, बायकोबद्दल, बर्फाबद्दल, बिअर महागल्याबद्दल, श्वास न घेता. ती भिंतीकडे तोंड करून, एका पायरीवर दोन्ही पाय आणून, मग पुढची, अशी उतरू लागली. हातमोजे आतून घामाने ओले झाले. मधोमध झिजलेल्या जागी न बघता ती कडेकडेने गेली. वळण आलं, जिथे ती मार्चमध्ये पडली होती. त्याच्या पुढे पाय गेला नाही.

मग तिने केलं ते एवढंच, की तिथल्या तिथे वळली. पाठ खाली, तोंड वर. पिशवी डाव्या हातात, एक पाय वरच्या पायरीवर. धाप लागली होतीच. ती आणावी लागली नाही.

“सोड आता,” खाली रादिम म्हणाला, आणि जड पावलं वर येऊ लागली. एक मजला, दुसरा, तिसरा. पावलं तिच्या मागे थांबली.

“आई?”

तिने मान वळवली. “आलास? उद्या येणार होतास ना?”

“सुट्टी मिळाली. इलोना उद्या येईल.” तो खालच्या पायरीवर उभा होता. बॅग त्याच्या हातात होती. “कुठे गेली होतीस?”

“पुलावर. दिवे लावतात ना, ते बघायला. पुढे जाऊन थांबलं की उजेड आपल्याकडे चालत येतो. आणि येताना बटाटे घेतले.”

बोलता बोलता तिची नजर त्याच्यावर गेली. टोपी पांढरी होती. खांद्यांवर बर्फाचा थर होता, त्याच्या कडा विरघळून कोटावर काळे डाग पडत होते. बुटांतून पाणी निघून दगडावर पसरलं होतं. मग तिने स्वतःकडे पाहिलं. कोट कोरडा होता. त्याला कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास येत होता. बुटांवर धूळ होती.

वर्गात अशी वेळ आली, की ती मुलाकडे नुसती बघत राही. बहुतेक मुलं आपणहूनच बोलून टाकत. तिने तोंड उघडलं.

रादिमने बॅग खाली ठेवली. तो एक पायरी वर आला, तिच्या शेजारी, आणि हात उचलून तिच्या उजव्या खांद्यावरून फिरवला. मग डाव्या खांद्यावरून. हळूहळू, शाळेत जाताना ती त्याच्या कोटावरून फिरवत असे तसा.

“केवढा बर्फ साचलाय बघ,” तो म्हणाला. “गारठशील. चल वर.”

त्याने चुकलेली बटणं सोडवून नीट लावली, पिशवी तिच्या हातातून घेतली. मग खाली वाकून बॅगची मूठ धरली आणि ती उचलताना तोंडातून मोठ्याने ‘हुश्श’ असा आवाज काढला. एका खांद्याने कलून, पायरी पायरीवर थांबत, तो ती वर नेऊ लागला. वळणावर बॅग लोखंडी कठड्यावर आपटली आणि सगळा जिना पोकळ घुमला.

क्वेता त्याच्या मागून चढत होती. चढताना तिला कठडा धरावा लागला नाही.

“सावकाश रे,” ती म्हणाली. “जड असेल.”