ओताऱ्याची तहान

पणजोबा ओतारी, आजोबा ओतारी, वडील ओतारी. आणि तिघेही तहानेने गेले, असे या घरात सांगितले जाई. पाण्याने भरलेल्या घरात तहानेने कोणी मरत नाही, हे न समजण्याइतके खुळे तिथे कोणीच नव्हते. पण दारू हा शब्द उंबऱ्याच्या आत उच्चारायचा नाही, अशी रीत होती. पुरुषाला 'तहान' लागे, राग त्याच्या नाकावर येई आणि घरच्या सुनेने मुकाट्याने पेला भरायचा. पाप झाकायला शब्दासारखे दुसरे पांघरूण नाही.

चौथा ओतारी उपचार केंद्रातून परतून कामावर रुजू झाला, त्याला फार दिवस झाले नव्हते. सकाळी त्याने कारखान्यात पंपाचे चाक ओतले. दुपारी साचा फोडला, तर चाकाला मधाच्या पोळ्यासारखी भोकेच भोके. साच्याची वाळू ओली राहिली होती आणि तिची वाफ धातूत शिरली होती.

"वा!" मालक सर्वांदेखत म्हणाला. "वाळू ओली आणि ओतारी कोरडा! उलटंच झालं की हो सगळं!"

कामगार खो खो हसले. त्याच्या हातात लांब दांड्याची लोखंडी पळी होती, आणि समोर मालकाचे टाळके. केंद्रातल्या बाई म्हणत, "रागाच्या पोटात एक वाक्य असतं. हात उचलण्याआधी ते ऐका." त्याने ऐकले: 'पीत होतो तेव्हा हात स्थिर होता. सोडली आणि हात गेला.' हे खोटे आहे, हे त्याला कळत होते. पिऊन वाया घालवलेल्या साच्यांची तर गणतीच नव्हती! पण खोटे वाक्यही गोड लागते. पळी ठेवून तो तडक घरी निघाला, आणि वाटभर त्या वाक्याला पिल्ले होत गेली. रक्तातच आहे आपल्या. आज ना उद्या व्हायचेच. मग आजच का नको?

"लवकर आलात?" बायकोने विचारले.

"का? स्वतःच्या घरी यायची चोरी आहे?" त्याने स्टूल लाथाडले.

कोपऱ्यात चित्र काढत बसलेली लेक आवाज न करता उठली आणि कपाटामागच्या फटीत शिरली. किती सराईतपणे! त्या फटीत अंग कसे मावते, हे पोरीला नेमके ठाऊक होते. ते पाहून तो मटकन खाली बसला.

तेवढ्यात काका हजर. कारखान्यातली बातमी त्यांच्या कानी आली होती आणि बगलेत बाटली होती. "दमलास रे पोरा. एका घोटाने काही आभाळ कोसळत नाही."

आईने सवयीने पेला पुढे सरकवला. "सूनबाई, ओत. तापलेल्या माणसाला तहानलेला ठेवू नये."

"मी ओतणार नाही, आई." सुनेचा आवाज फाटला होता. "आज हे प्यायले, तर पोरीला घेऊन मी बाहेर पडेन. परत यायची नाही."

"ऐकलंत, वहिनी?" काका आईला म्हणाले. "आता सुना दम देणार आपल्याला!"

"काका," तो म्हणाला, "मला तहान नाही लागली. वाळू मी तपासली नाही, त्याची लाज वाटतेय. सगळे हसले, त्याचा राग आलाय. आणि मला दारू हवीय. इतकी हवीय, की जीव जातोय."

आईने कानांवर हात ठेवले. त्या छपराखाली तो शब्द प्रथमच उच्चारला गेला होता.

काकांनी शांतपणे बूच काढले. "माझा पहिला पेला दादाने भरला होता, तुझ्या वडिलांनी. गेलेल्या माणसाचं ऋण आहे ते. त्याच्या लेकाला पाजल्याशिवाय फिटायचं कसं?"

त्याने बाटली हिसकावली आणि तो मोरीशी गेला. तिथे मात्र हात अडला. वास डोक्यात भिनला. बाटली ना तोंडाकडे वळे, ना जमिनीकडे.

"धरा मला कुणीतरी!" तो ओरडला.

उठली ती आई. नवऱ्याचे पेले जन्मभर विसळलेल्या हातांनी तिने लेकाचे मनगट धरले आणि बाटली उलटी केली. शेवटचा थेंब मोरीत जाईपर्यंत तिने पकड सोडली नाही.

मग ती दिराकडे वळली. "भावजी, ह्यांनी तुम्हाला पेला दिला होता, तुम्ही अख्खी बाटली आणलीत. पोचली." आणि तिनेही तो शब्द उच्चारला. "दारूचं ऋण फिटलं."