मागच्या बाकावरची भाकर

हरिहर मास्तरांच्या घरात एक नाव उच्चारायचे नाही, असा नियम होता. ते नाव त्यांच्या एकुलत्या एका मुलीचे होते.

साधारण अठराशे ऐंशी सालच्या सुमाराची गोष्ट. ठाण्यात एक लहानशी ख्रिस्ती मंडळी होती. पन्नास-साठ माणसे, कौलारू प्रार्थनामंदिर आणि शेजारी एक शाळा. हरिहर त्या शाळेचे मुख्य मास्तर आणि मंडळीच्या पंचांपैकी एक. मंडळीत या पंचांना ‘वडील’ म्हणत. मास्तर मूळचे कल्याणच्या भटजीघरातले. विशी उलटायच्या आत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा घरच्यांनी जिवंतपणी त्यांचे क्रियाकर्म केले. अंगणात पाण्याचा घट फोडला आणि मुलगा मेला असे जाहीर केले. तेव्हापासून मास्तरांनी कल्याणच्या वेशीत पाऊल ठेवले नव्हते.

पण मन कुठे ऐकते! सुमती लहान असताना तिला मांडीवर घेऊन ते आपल्या आक्काच्या गोष्टी सांगत. आक्का त्यांची थोरली बहीण, आठव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परतलेली. तिनेच हरिहराला कडेवर वाढवले होते. ती कशी खाडीवर गलबते दाखवायला नेई, तापात रात्ररात्र कशी उशाशी बसे, हे ते पुन्हा पुन्हा सांगत. सुमतीला आक्काच्या दारातली पांढऱ्या चाफ्याची जागासुद्धा पाठ झाली होती.

ती सुमती आता ऐन विशीत होती. एक तरुण कारकून धर्माची शिकवण घ्यायला म्हणून मास्तरांकडे येऊ लागला. त्याने सुमतीला लग्नाचे वचन दिले, आणि तिला दिवस गेले आहेत हे कळताच बदली करून घेऊन तो कुठल्या कुठे निघून गेला. बोभाटा झाला. मंडळीच्या वडिलांची सभा भरली. मंडळीचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, परशुरामपंत म्हातारे आणि मवाळ होते. ते म्हणाले, “पोर चुकली आहे. पण ती रडते आहे, क्षमा मागते आहे. थोडा धीर धरू या.”

लाकडाच्या वखारीचे मालक विठ्ठलराव ताडकन म्हणाले, “म्हणजे मास्तरांची मुलगी म्हणून सूट?”

ते शब्द मास्तरांना झोंबले. ते उभे राहिले. “माझ्या घरासाठी वेगळा कायदा नको. सुमतीला मंडळीबाहेर करावं, असा ठराव मीच मांडतो. आणि आजपासून माझ्या घरातही तिला जागा नाही.”

सभा थक्क झाली. बाहेर आल्यावर चार जणांनी त्यांचे हात हातात घेतले. केवढी निष्ठा! मास्तरांनाही तेव्हा तसेच वाटले. सुमतीने एक गाठोडे बांधले, मुंबईला एका आश्रमात जाते असे आईला सांगितले आणि ती गेली. त्यानंतर तिची काही खबर नव्हती. मास्तरांच्या पत्नी, मालनबाई, वरणभात वाढता वाढता मध्येच थांबत, दाराकडे बघत आणि पुन्हा वाढू लागत. मास्तर ते पाहून न पाहिल्यासारखे करत. पण शाळेत मुलींच्या वर्गावरून जाताना त्यांची पावले आपोआप मंदावत, हे त्यांनी कोणालाच सांगितले नाही.

मास्तर दर आठवड्याच्या बाजाराला तळ्याच्या काठी उभे राहून उपदेश करत. आवाज खणखणीत, भाषा रसाळ. त्या दिवशीही ते म्हणत होते, “लोकहो, तुमचा धर्म चुकलेल्याला वाळीत टाकतो. आमचा प्रभू चुकलेल्याला जवळ घेतो! एका चुकलेल्या बाईला दगडांनी मारायला गाव उठलं, तेव्हा तो एकटा तिच्या बाजूने उभा राहिला!”

पुढे बसलेली हौसाबाई टोपलीवरच्या माश्या वारत ऐकत होती. ती खाडीकाठच्या आगरी पाड्यातली, सुकी मासळी घेऊन ठाणे-कल्याणचे बाजार करणारी. गर्दी पांगली तशी ती जवळ आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, “मास्तर, तुमी लय ग्वाड बोलता. मंग तुमची सुमती त्या कल्यानान कशी?”

मास्तर एकदम तिच्याकडे वळले. “कल्याणला? सुमती?”

“माज्या डोल्यांनी बगली ना. दुर्गाडीच्या खालच्या आलीन, त्या म्हाताऱ्या बामनीनबायच्या वटीवर. मांडीवर पोर हाय तिच्या.”

दुर्गाडी किल्ल्याच्या खालची आळी! तिथे ओटी असलेली म्हातारी ब्राह्मणबाई मास्तरांना एकच ठाऊक होती.

घरी येऊन त्यांनी मालनबाईंना सांगितले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्या घरात ते नाव उच्चारले गेले. मालनबाईंनी पदर तोंडाला लावला आणि एवढेच विचारले, “कधी निघता?”

मास्तर आगगाडीने गेले नाहीत. स्टेशनावर ओळखीचे कोणी भेटले असते. सकाळच्या भरतीबरोबर कल्याणच्या बंदराकडे जाणाऱ्या मचव्यात ते चढले. दोन्ही काठांची तिवरांची झुडपे मागे सरत होती, आणि वळणावळणावर मास्तर ओळखीच्या खुणा शोधत होते. किती वर्षांनी हे पाणी! मुलीला भेटायची ओढ अधिक की आक्काला, हे त्यांना सांगता आले नसते. आणि दोघींना तोंड कसे दाखवायचे, तेही समजत नव्हते.

बंदरावरून आळीत शिरताना त्यांनी उपरणे कपाळापर्यंत ओढून घेतले. घर लहानच होते, वडिलांच्या पश्चात त्याच जुन्या घरातून आक्काच्या वाट्याला आलेल्या दोन खोल्या. ओटीवर आक्का बसली होती. विधवेचे तांबडे आलवण, डोक्यावर पदर, अंग अगदी वाळलेले. तिच्या पसरलेल्या पायांवर एक तान्हे मूल पालथे होते आणि ती त्याच्या पाठीला तेल लावत होती.

मास्तर अंगणाबाहेरच थांबले. पुढे जाण्याची सवय राहिली नव्हती आणि हक्कही.

आक्काने मान वर केली. डोळे बारीक करून पाहिले. “हरी?”

इतक्या वर्षांत त्यांना ‘हरी’ म्हणणारे कोणी भेटले नव्हते.

“असा रस्त्यात काय उभा? ये, ओटीवर बस. आतलं सोवळं मी सांभाळीन.”

मास्तर पायरीवर बसले. आत मागच्या खोलीत कोणीतरी उठल्याचा आवाज झाला. सुमतीने ‘हरी’ हे नाव ऐकले होते. ती बाहेर आली नाही.

“आक्का, तू हिला ठेवून घेतलंस? ख्रिस्ती मुलीला? आळीने काही म्हटलं नाही?”

“म्हटलं की. वाळीत टाकू म्हणाले.” आक्का हसली. “मी म्हटलं, टाका. आठव्या वर्षापासून मी मंगळकार्यात नाही, हळदीकुंकवात नाही, सकाळी कोणाच्या समोर येत नाही. आणखी कुठे टाकाल? दोन दिवस बोलले आणि थकले. पोरीला मी मागची खोली दिली आहे. बाळाला खेळवते, विहिरीवर आंघोळ करते, मग देवपूजा करते. देवाने अजून तक्रार केलेली नाही.”

“पण आक्का, तिनं पाप केलं आहे.”

“केलं आहे. मी नाही म्हटलंय का? पहिल्याच दिवशी तिनं मला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही.” आक्काने बाळाला उचलून छातीशी धरले. “तुला एक विचारते, हरी. बाबांनी तुझा घट फोडला, तेव्हा तू याच अंगणाबाहेर उभा होतास. आठवतं?”

“कसं विसरेन?”

“तू ओरडत होतास, ‘जिवंत मुलाला मारणारा हा कसला धर्म!’ मी आत कोंडलेली होते. ऐकत होते. मनात म्हटलं, माझा हरी खरं बोलतो आहे. त्याला काहीतरी असं सापडलं असेल, की जिथं माणसाला असं टाकत नाहीत. तू गेलास याचं मला फार दुःख झालं रे. पण त्या दुःखात तेवढा एक आधार होता. इतकी वर्षं मी तो धरून होते.” तिने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतले. “आणि एके दिवशी पोटुशी पोर दारात येऊन म्हणते, मी हरिहराची मुलगी, बाबांनी मला टाकलं! अरे, तू धर्म बदललास, गाव सोडलंस, आम्हाला सोडलंस, आणि शेवटी काय केलंस? तूही घटच फोडलास ना!”

मास्तरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकले. इतकी वर्षे ज्या दारावर ते मनातल्या मनात रागावत होते, ते दार आज त्यांच्या लेकीसाठी उघडे होते. आणि दयेचा उपदेश करणाऱ्या त्यांच्या स्वतःच्या दाराला कडी होती! ठराव त्यांनी प्रभूसाठी मांडला नव्हता. विठ्ठलरावांसमोर आपले नाक वर राहावे म्हणून मांडला होता. निष्ठा कसली? तो नुसता मान होता!

“सुमती,” त्यांनी हाक मारली. “बाळ, बाहेर ये. मला क्षमा कर म्हणायला आलो आहे.”

बऱ्याच वेळाने ती उंबऱ्यात आली. वाळली होती. बापाकडे न बघता म्हणाली, “मुंबईच्या गाडीत बसायचं धैर्य झालं नाही, बाबा. तुम्ही आक्काचं इतकं सांगायचात, मला दुसरं दार सुचलंच नाही.” आणि मग एकदम लहान मुलीसारखी रडत म्हणाली, “आई कशी आहे?”

निघताना मास्तर वाकले. आक्काने सवयीने पाय मागे घेतले. विटाळाची सवय जन्माची होती. मग तिचे तिलाच काय वाटले कोण जाणे, तिने हात पुढे करून त्यांच्या डोक्यावर ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. “पुन्हा आंघोळ करीन,” ती पुटपुटली. “पाणी पुष्कळ आहे.” आळीच्या तोंडाशी पोहोचेपर्यंत मास्तर तीनदा वळले. तिन्ही वेळा ती ओटीच्या कडेला तशीच उभी होती.

सुमती घरी आली. पण गोष्ट तिथे संपत नाही, कारण घरात क्षमा करणे सोपे असते; चारचौघांत करणे कठीण.

महिन्यातून एका रविवारी मंदिरात प्रभुभोजन होई. भाकर मोडून सर्वांना वाटत. दाराजवळचा मागचा बाक बाप्तिस्मा न झालेल्यांचा आणि मंडळीबाहेर केलेल्यांचा. तिथे भाकर जात नसे. त्या रविवारी सुमती बाळाला घेऊन मागच्या बाकावर बसली, आणि पुढची आपली जागा सोडून मास्तर तिच्याशेजारी जाऊन बसले. बायकांच्या बाजूने मालनबाई उठल्या आणि त्याही आल्या.

“मास्तर, आपली जागा इथं आहे,” पाळक म्हणाले.

मास्तर उभे राहिले. “पाळकसाहेब, हिला बाहेर करा असं मी म्हणालो, ते नीतीसाठी नव्हतं. माझ्या अब्रूसाठी होतं. माझं पाप हिच्याहून लहान नाही. हिला भाकर मिळेल तेव्हा मी घेईन.”

कुजबुज झाली. विठ्ठलराव तणतणत निघून गेले. मास्तरांचे वडीलपद काढून घ्यावे, अशी बोलणी सुरू झाली. बाजारात लोक हसले. तो महिना मास्तरांना जड गेला. पण सुमतीचे बाळ संध्याकाळी त्यांच्या मांडीवर झोपे, आणि ते त्याला कल्याणच्या गोष्टी सांगत.

पुढचा प्रभुभोजनाचा रविवार आला. तिघे मागे बसले. पाळकांनी भाकर हातात घेतली, तोच पुढच्या रांगेतून कोणीतरी उठले. विठ्ठलराव! सगळ्यांना वाटले, आता भांडण होणार. ते जड पावलांनी मागे चालत आले आणि मास्तरांच्या बाजूला बसले. मान खाली घालून इतकेच म्हणाले, “माझ्या पापाला साक्षीदार नव्हते, मास्तर. एवढाच फरक.”

मग एक म्हातारी उठली. मग एक नवराबायको. मग शाळेतली शिक्षिका. बाक भरला, तेव्हा माणसे जमिनीवर बसू लागली. थोड्या वेळाने पुढचे सगळे बाक रिकामे झाले आणि परशुरामपंत हातात भाकर घेऊन एकटेच उभे राहिले.

म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या. “माझीही जागा तिथंच आहे,” असे म्हणून ते पायऱ्या उतरले, मागे आले, आणि भाकरीचा पहिला तुकडा त्यांनी सुमतीच्या हातावर ठेवला.

वाचकहो, चुकलेल्याला चूक सांगावीच लागते. ती तर आक्कानेही सांगितली. पण चूक सांगणे निराळे आणि माणूस टाकून देणे निराळे. आपला देव कोणत्याही नावाचा असो, ज्या हातात दगड आहे तो हात त्याच्यापुढे जोडता येत नाही. दयेवर प्रवचन देणारे आपल्यात पुष्कळ आहेत. आपल्या आसपास कोणीतरी मागच्या बाकावर एकटे बसलेले असते, आपल्याच हाकेची वाट पाहत. उठून त्याच्या शेजारी जाऊन बसणे, हाच खरा धर्म!