कधीच न उडालेलं लढाऊ विमान

मी एक लढाऊ विमान बोलतोय. पण घाबरू नका, माझं अंग प्लायवूडचं आहे, पोटात इंजिन नाही आणि चाकं एका जुन्या ट्रॉलीची आहेत. मी कधी उडालो नाही. त्याचं मला वाईटही वाटत नाही, कारण मला उडण्यासाठी नाही, मावण्यासाठी बनवलं होतं.

त्याचं असं झालं. नौदलाला आपल्या विमानवाहू जहाजासाठी नवी लढाऊ विमानं घ्यायची होती. पारखून पारखून दोन उरली. दोन्ही वेगवान, दोन्ही दणकट. एकाचे पंख मिटायचे, दुसऱ्याचे मिटत नसत. डेकवर उतरलेलं विमान खालच्या हँगरात न्यायला जहाजावर एक मोठी लिफ्ट असते. जहाज आधीच बांधून झालेलं, तेव्हा लिफ्ट रुंद करणं शक्य नव्हतं. कागदावर दोन्ही विमानं तिच्यात बसत होती. डेकचा मुकादम म्हणाला, "कागदावरचं राहू द्या. आधी लाकडाचं बसवून बघू."

म्हणून गोदीतल्या सुतारशाळेत माझा जन्म झाला. तिथला मिस्त्री पेन्सिल कानावर ठेवून दिवसभर तीच शोधत फिरायचा, पण मापाच्या बाबतीत बत्तीस वर्षांत कुणी त्याच्याकडे बोट दाखवलं नव्हतं. दोन्ही विमानांची लांबी सारखीच, म्हणून त्यानं धड एकच केलं आणि पंखांच्या दोन जोड्या. पाच आठवडे तो माझ्यात इतका गुंतला होता, की बायकोनं दिलेला डबा बऱ्याचदा तसाच घरी परत जाई. "विमानालाच वाढ आता," असं ती म्हणाल्याचं तो हसत सांगायचा.

चाचणीच्या दिवशी मला जहाजावर आणलं आणि आधी न मिटणारे पंख लावले. दोन्ही विमानं उडवून पाहिलेले वैमानिक साहेब बाजूलाच उभे होते. त्यांचा जीव याच, न मिटणाऱ्या पंखांच्या विमानावर जडला होता.

आठ जणांनी मला लिफ्टवर ढकललं. मुकादम वाकून बघत होता. "थांबा," तो म्हणाला. माझ्या पंखाचं टोक लिफ्टच्या कडेबाहेर चार बोटं आलं होतं. मला तिरकं करून पाहिलं, तर शेपूट अडकलं. पुन्हा सरळ केलं. चार बोटं ती चार बोटंच.

वैमानिक साहेबांचा चेहरा उतरला. "मिस्त्री, माप चुकलं असेल. समुद्राच्या हवेनं लाकूड फुगतं."

"इतकं नाही फुगत, साहेब."

"मग टोक जरा कापून टाका. चार बोटांचा तर प्रश्न आहे."

ते अर्धं गमतीत बोलले होते, पण कुणी हसलं नाही. मिस्त्री शांतपणे म्हणाला, "लाकूड कापतो की. खरं विमान आल्यावर काय कापायचं?" आणि त्यानं टेप साहेबांच्या हातात दिली.

साहेब स्वतः गुडघ्यांवर बसले. माझा एक पंख मोजला, दुसरा मोजला, मग लिफ्ट. नकाशाशी ताडून पाहिलं. मिस्त्रीचं माप अगदी बरोबर होतं. नकाशात लिफ्टच्या काठाची लोखंडी पट्टी धरायची राहून गेली होती.

मग मला मिटणारे पंख लावले. मी लिफ्टवर गेलो, खाली उतरलो आणि हँगरात सहज वळलो. दोन्ही बाजूंना एकेक माणूस उभा राहील इतकी जागा उरली.

साहेबही खाली येऊन माझ्या चाकापाशी टेकले. मिस्त्रीनं विचारलं, "या दुसऱ्यात काही कमी आहे का?"

"कमी काही नाही. पहिलं हाताला बसलं होतं, एवढंच."

"हेही बसेल. पण जे खाली जात नाही, ते वरच उभं राहून खारं वारं खात गंजणार."

साहेबांनी मान डोलावली. निवड समितीत त्यांच्या शब्दाला वजन होतं. आवडीचं विमान आपल्याच हातानं खोडून त्यांनी अहवालात मिटणाऱ्या पंखांच्या विमानाचं नाव लिहिलं. त्यावरच शिक्कामोर्तब झालं.

तीन वर्षांनी पहिलं खरं विमान लिफ्टमधून हँगरात आलं. मी तिथेच कोपऱ्यात होतो. ते अजून गरम होतं, इंधनाचा वास येत होता, पंख नीट मिटलेले. वैमानिक साहेबच ते उडवत आले होते. ते माझ्याजवळ आले, माझ्या प्लायवूडवर थाप मारून म्हणाले, "बसलं बरं का हाताला." मिस्त्री तोवर निवृत्त झाला होता. साहेबांनी तिथूनच त्याला फोन लावला.

आता मी डेकवर काम करणाऱ्यांच्या शाळेत असतो. विमान कसं ढकलायचं, कुठे वळवायचं, हे नवी मुलंमुली माझ्यावर शिकतात. रोज कुणीतरी मला खांबावर आदळतं आणि ओशाळून उभं राहतं. त्यांना माझं एकच सांगणं आहे. लाजू नका, पोरांनो. माझा ओरखडा रंगाच्या एका हातानं बुजतो. खऱ्याच्या पंखाला धक्का लागला, तर त्यात बसणाऱ्याच्या जिवाशी गाठ असते. तेव्हा काय चुका करायच्या त्या इथे, माझ्यावर करून जा.