अनलिमिटेड, पण मागायचं कोणी?

"घ्या हो पाव्हने, घ्या! माह्या हातातलं माघारी नेऊ नका!"

हा आवाज कारभारींचा, कोकिळाच्या बापाचा. अमडापूरच्या पंगतींत ते वरणाची बादली घेऊन असे फिरायचे, की माणसानं ताटावर दोन्ही हात आडवे धरले तरी बोटांच्या फटीतून वरण सोडायचे. जेवणारा हात चाटायचा आणि हसायचा. बाप जाऊन बरीच वर्षं झाली. पण बुलढाण्यात कोर्टामागच्या गल्लीत कोकिळानं खानावळ मांडली, आणि कढईत मोहरी तडतडली की तो आवाज तिला पुन्हा ऐकू येऊ लागला.

जागा नवऱ्याची. भाऊरावांचं सायकलचं दुकान बंद झालं, तसं शटर रिकामं पडलं होतं. एक मोबाइलवाला ते भाड्यानं मागत होता. भाऊराव म्हणाले, "दिवाळीपर्यंत चालवून पाहाय. नाही चाललं तं त्याले देऊन टाकू. काय म्हनतं?"

"तुम्ही म्हनाल तसं," कोकिळा म्हणाली. लग्न झाल्यापासून तिचं हेच उत्तर. भाऊराव तसे भले माणूस. पण समोरच्याचा पहिला शब्द खरा मानून मोकळे होणारे.

पाटी रंगवली भाच्यानं, गोकुळनं. तो पुण्याच्या एका हॉटेलात काम करून आलेला. लाल अक्षरांत त्यानं लिहिलं, 'अनलिमिटेड जेवण'.

"म्हंजे काय रे?"

"म्हंजे हद्द नाही, मामी. एकदा पैसे देल्ले का गळ्यापर्यंत खा. फक्त मागायचं."

कोकिळाला शब्द फार आवडला. धुरे-बांध नसलेलं वावर असावं, नजर जाईल तिथवर जवारी डुलावी, तसा तो तिला वाटला. भाकरी थापताना ती तो मनातल्या मनात घोळवायची. अनलिमिटेड.

कोर्टाच्या तारखेला आलेली खेड्यापाड्यांतली माणसं येऊ लागली. पहिलं वाढलेलं मिटक्या मारत संपवायची. मग उगीच ठेच्याला बोट लावायची, पाणी प्यायची, चुलीकडच्या दाराकडे बघायची आणि उठायची. गोकुळ पुण्यासारखा गल्ल्याशी हाताची घडी घालून उभा. कुणी मागितलं तर द्यायला एका पायावर तयार! पण मागत कुणीच नव्हतं. संध्याकाळी वांग्याची भाजी पातेल्यात तशीच उरायची. गिऱ्हाईक रोडावलं. एक दिवस मोबाइलवाला येऊन टेपनं शटर मोजून गेला. कोकिळाची भाकर तव्यावर करपली.

त्याच दुपारी साखरखेर्ड्याचे मोतीराम जेवून हात धुवायला उठले. कोकिळानं त्यांना नळाशीच गाठलं.

"बाबा, खरं सांगा. भाजी बिघडली का?"

"भाजी? अवो बाई, बोटं खाऊन टाकावं अशी भाजी हाय."

"मंग अर्ध्या पोटी काऊन उठले?"

मोतीरामांनी एकदा पाटीकडे पाहिलं, एकदा गोकुळकडे. "कोनी घ्या म्हटलंच नाही ना! आपल्या तोंडानं 'वाढा' म्हनायले मी काय भिकारी हाय? सोयऱ्याच्या घरी मी तीनदा नको म्हनतो, मंग घेतो. इथं तं एकदाबी कोनी इचारत नाही."

"पन बाबा, पाटीवर लिहेल हाय ना!" गोकुळ कळवळला.

"लिहेल हाय रे लेका. पाटी काय हात धरून बसवते का?"

कोकिळाला असं हसू फुटलं की पदर तोंडाला लावावा लागला. तिनं बादली उचलली.

"बसा, बाबा."

"अवो, आता हात धुतले ना."

"पुन्हा धुवा. पानीबी अनलिमिटेड हाय!"

मोतीराम नको नको म्हणत बसलेसुद्धा. कोकिळा त्यांच्या ताटाशी वाकली आणि बाप पंगतीत म्हणायचा त्या चालीवर गळा मोकळा सोडला:

"नको नको म्हने
पाव्हना लाजाळू
रोडग्यावर तूप
हळूहळू घालू!"

अख्खी खानावळ खदखदली. शेजारच्यानं ताटावर हात झाकले. हिनं त्याच्या बोटांवरून वरण सोडलं. "घ्या ना साहेब," गोकुळ कोपऱ्यात पुटपुटला, तशी ती ओरडली, "अबे, असं काय बसस्टँडवर पत्ता इचारल्यासारखं करतं? अंगावर जाऊन वाढ!"

मग काय! बातमी कोर्टाच्या पायऱ्या चढली. वकील पट्टे सैल करून बसू लागले. तिकडं जजसाहेबांपुढं भांडणारे वादी-प्रतिवादी इथं एकमेकांना "याले वाढा, याले" म्हणून दाखवू लागले. नवरात्र सरेपर्यंत माणसं बाहेर, बाजूच्या बंद शटरापाशी ताटकळत उभी राहायची, आणि संध्याकाळी पातेलं घासायला हलकं लागायचं.

दिवाळी तोंडावर आली. भर दुपारी भाऊराव फोन हातात घेऊन चुलीशी आले. "मोबाइलवाला इचारून राह्यला. मी तं शब्द देल्ला होता, दिवाळीले सांगतो म्हनून. काय सांगू? देऊ का राहू देऊ?"

"तुम्ही म्हनाल तसं," कोकिळाच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

आता हे पुन्हा विचारतील, तिला वाटलं. एकदा तरी म्हणतील, अवं, मनातलं सांग. पण भाऊरावांनी मान हलवली, चष्मा कपाळावर सरकवला आणि नंबर शोधायला लागले. मोतीरामांसारखीच तीही वाट बघत बसली होती, आणि ताटाशी कुणी येणार नव्हतं.

तिनं तव्यावरची भाकर उलटली. पिठाचे हात तसेच घेऊन उभी राहिली.

"अहो!"

आवाज बाहेरच्या बाकापर्यंत गेला. घास घेता घेता माणसं थांबली. गोकुळची बादली अधांतरी राहिली.

"त्याले नाही म्हना. मले हे पाहिजे." कोकिळानं श्वास घेतला, आणि हसली. "आन् बाजूचं शटरबी पाहिजे."