मास्तरांच्या तलावाचं कव्हर

मास्तरांनी चाळीस वर्षं पोरांना पोहायला शिकवलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरामागच्या मोकळ्या जागेत स्वतःचा तलाव बांधून घेतला. मोठा नव्हता, पण रोज सकाळी चहाआधी त्यांच्या फेऱ्या व्हायच्या. गेल्या वर्षापासून ते विसरायला लागले. चष्मा फ्रीजमध्ये सापडायचा, शेजाऱ्याचं नाव ओठावर येऊन अडायचं. पोहणं मात्र सुटलं नव्हतं.

तलावावर बुडबुड्यांचं निळं प्लास्टिक तरंगत असे. त्याने पाणी कोमट राही आणि पाचोळा आत जात नसे. पोहण्याआधी ते गुंडाळून बाजूला सारायचं, एवढंच.

एका सकाळी सूनबाई स्वयंपाकघरात डबा भरत होती. खिडकीतून तिला काठावर मास्तरांच्या चपला दिसल्या. खुर्चीवर टॉवेलही होता. पण प्लास्टिक तलावभर तसंच पसरलेलं, आणि मधोमध काहीतरी खालून वर येत होतं, परत खाली जात होतं. ती धावली. तिला पोहता येत नव्हतं. काठावर गुडघे टेकून तिने प्लास्टिकचं टोक धरलं आणि जीव खाऊन ओढलं. मास्तरांचं डोकं वर आलं. खोकत खोकत त्यांनी काठ धरला.

"बाबा, हे काढलं का नाही आधी?"

"काढलं होतं," मास्तर म्हणाले. बऱ्याच वेळाने, टॉवेल गुंडाळून बसल्यावर पुन्हा म्हणाले, "काढलंय असं वाटलं गं. वर आलो तर वर मोकळं काही नाहीच. हात घालावा तिकडे ते अंगाला चिकटतंय."

मुलगा कामानिमित्त परगावी असायचा. फोनच्या स्पीकरवर त्याने एका वाक्यात निकाल लावला, "माती टाकून बुजवून टाका."

मास्तर उठून आत गेले.

"दुसरं कव्हर मिळतं का बघते आधी," सूनबाई म्हणाली. "माती काय, कधीही टाकता येईल."

दोन दिवसांनी कव्हरवाली बाई मोजमाप घ्यायला आली. टेप सोडता सोडता तिने विचारलं, "घरात लहान मूल आहे का कुणी?"

मास्तर म्हणाले, "मीच. माझ्यासाठीच घ्यायचंय."

बाई हसली नाही. तिने टेप खाली ठेवली आणि त्यांच्याकडे वळूनच सांगू लागली. जाळीचं कव्हर फरशीत ठोकलेल्या हुकांना पट्ट्यांनी ताणून बसवतात. मजबूत असतं, पण रोज काढायचं-घालायचं म्हणजे अर्ध्या तासाची कटकट. दुसरं जाड कापडाचं, मोटरवर चालणारं. काठाच्या रुळांतून सरकतं, मिनिटभरात बंद होतं, चुकून कुणी वर पडलं तरी आत जात नाही. आणि किल्लीशिवाय उघडत नाही.

"पावसाचं पाणी?" मास्तरांनी विचारलं.

"वर साचतं. छोटा पंप देते, लगेच काढायचं."

"काढायलाच हवं. वीतभर पाण्यातसुद्धा माणूस जातो. आणि रूळ?"

"त्यात माती बसते. ब्रशने साफ करायचे. तलावातलं पाणीही उतरू द्यायचं नाही, त्याच्याच आधारावर कापड राहतं."

"ते सगळं मी बघेन," मास्तर म्हणाले. मग सुनेकडे बोट दाखवलं, "किल्ली हिच्याकडे द्या."

कव्हर बसलं. मास्तर आठवड्यातून दोनदा जुन्या टूथब्रशने रूळ घासत, पाऊस झाला की पंप लावत, कापड धुऊन वाळवत. पण पंधरा दिवस त्यांनी किल्ली मागितली नाही.

"पोहायचं नाही का, बाबा?" एकदा सुनेने विचारलं.

"परवानगी मागून पोहायला मी शाळेतला पोरगा आहे का?"

तिलाही राग आला. "त्या दिवशी ते टोक माझ्या हाताला लागलं नसतं तर मी काय केलं असतं? काठावर उभी राहून बघितलं असतं? मला काहीच येत नाही, बाबा! किल्ली मी फिरवते. तुम्ही मला शिकवा."

मास्तरांनी तिच्या मोकळ्या केसांकडे बघितलं. "उद्या केस घट्ट बांधून ये," ते म्हणाले.

पहिले आठ दिवस त्यांनी तिला काठ सोडू दिला नाही. तोंड पाण्यात घालून श्वास सोड, वर येऊन घे, बस्स. आज वार कोणता हे ते एका सकाळी तीनदा विचारत. पण तिचा पाय चुकला की आवाज कडाडायचा, "गुडघ्यातून नाही, कमरेतून!" महिन्याभरात ती तलावाची रुंदी पार करू लागली. त्यानंतर ते स्वतःही उतरू लागले, ती पाण्यात असतानाच.

मुलगा सुट्टीवर आला तेव्हा मातीचा विषय त्याने काढला नाही. संध्याकाळी कव्हर बंद होताना त्याला ते मधे खोलगट दिसलं.

"मोटर बिघडलीय बहुतेक," तो म्हणाला. "त्या बाईंना बोलावू का?"

"मोटरला काही झालेलं नाही," मास्तर म्हणाले. "पाणी चार बोटं उतरलंय. नळी आण."

मुलगा नळी आणायला गेला.