मत्सराने खाल्लेली पट्टी

दंतवैद्याला शेवटी स्वतःच्या बेडरूममध्ये, स्वतःच्या गादीवर, स्वतःच्या उशीसकट झोपायला मिळालं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. आता ते विसरा. तसं अजून काहीही झालेलं नाही. तो दिवाणखान्यातल्या सोफ्यावर झोपतो, त्याचे पाय सोफ्याबाहेर लोंबतात, आणि याला जबाबदार आहे स्मरणबाबा.

स्मरणबाबा एका बंद पडलेल्या झेरॉक्सच्या दुकानात बसायचा. बाहेर लोक आपापला कम्प्युटर कडेवर घेऊन उभे असत. कुणाचा चालूच होत नसे, कुणाचा चालू होऊन मध्येच विचारात पडे. बाबा पेटीचं झाकण काढायचा, स्वतःच्या डोक्यासकट तिच्यावर काळी चादर ओढायचा. आतून "हं... हंऽऽ" असा खोल हुंकार यायचा, की गर्दी श्वास रोखायची. चादर निघाली की मेलेला कम्प्युटर जिवंत! नवी मेमरी, म्हणजे ती बोटभर हिरवी पट्टी, घालायची असेल तर ती कोणती, हेही त्याला चादरीखालीच उमगायचं. "मेमरी विकत घ्यायची नसते," तो म्हणायचा, "ती मशीनने पसंत करावी लागते." आणि कुठल्याही मशीनला नेमकी बाबाच्याच ड्रॉवरमधली पट्टी पसंत पडायची. इतर ठिकाणच्या पट्ट्यांबद्दल मशीनांचं मत फार वाईट होतं.

दंतवैद्याची बायको घरी बसून इमारतींचे नकाशे काढायची. कम्प्युटर बेडरूममध्येच होता. दिवसभर ती त्या पडद्याकडे इतक्या मायेने बघायची, की दंतवैद्याला दारातून खाकरावं लागे. आपल्याकडे असं कुणी कधी बघितलं होतं, हे आठवायला त्याला लग्नाचा अल्बम काढावा लागला, आणि त्यातही ती फोटोग्राफरकडे बघत होती.

मोठा नकाशा उघडला की कम्प्युटर गोठायचा. मेमरी वाढवायला हवी, असं ती म्हणाली आणि याच्या अंगात वीज संचारली. त्यात काय, मीच आणतो, म्हणाला. आणली. बसेना. पट्टीच्या कडेची खाच स्लॉटमधल्या उंचवट्यासमोर येतच नव्हती. दुसरा कुणी असता तर पट्टी बदलून आणायला गेला असता. पण हा माणूस न बसणाऱ्या गोष्टी लोकांच्या तोंडात बसवून पोट भरत होता. कॅप बसत नसेल तर घासायची, एवढंच त्याच्या हाताला माहीत. त्याने पट्टी दवाखान्यात नेली, खुर्चीचा दिवा तिच्यावर पाडला आणि दात कोरायच्या ड्रिलने तिला हवी तिथे नवी खाच पाडली. काम सुबक झालं. पट्टी बसली. कम्प्युटर मात्र उठेना. पट्टी काढून जुनी परत खुपसली, तरी उठेना.

ड्रिलची गोष्ट त्याने बायकोला सांगितली नाही. ती कम्प्युटर आणि ती पट्टी घेऊन बाबाकडे गेली. बाबाने चादरीखाली हुंकार दिला, जुन्या पट्टीवर कम्प्युटर उठून बसला. मग त्याने कोरलेली पट्टी उजेडात धरली आणि सुस्कारा सोडला. "ताई, ही पट्टी मत्सराने खाल्लीय. तुमच्या घरात या मशीनवर कुणीतरी जळतं."

यातलं दुसरं वाक्य खरं होतं, हीच दंतवैद्याची अडचण. उपाय असा निघाला, की नवी मेमरी बसेपर्यंत जळणाऱ्याने त्या खोलीत पाऊल टाकू नये. म्हणून सोफा. वर जेवताना "बाबा म्हणतात" ऐकायचं. आधी तो कम्प्युटरवर जळत होता. आता बाबावरही जळू लागला.

नवी मेमरी बसवायच्या दिवशी बायको बाबाकडे निघाली, पेटी उचलून तिच्यामागे चालण्याचं काम मात्र जळणाऱ्याकडेच आलं. गर्दी होती. शेजारच्या काकू आपला बरा झालेला कम्प्युटर बाबाच्या पाया पडायला घेऊन आल्या होत्या. बाबा चादरीत शिरला. "हं... हंऽऽ."

दंतवैद्याचे कान टवकारले. हा हुंकार तो दिवसातून पन्नासदा ऐकत होता. तोंडात कापूस, नळी आणि त्याची दोन बोटं असलेली माणसं त्याला याच आवाजात उत्तरं देत. हा समाधीतला माणूस नव्हता. याच्या तोंडात काहीतरी आडवं होतं.

त्याने चादर ओढली.

बाबाच्या दातांत छोटी टॉर्च होती. एका हातात जुनी पट्टी, दुसऱ्या हातात शाळेतला खोडरबर. नाक पट्टीच्या लेबलाला टेकलेलं. बाबा काहीतरी बोलला, ते कुणालाच कळलं नाही.

"चादर द्या म्हणतायत," दंतवैद्याने सवयीने सांगितलं.

मग त्याने सगळं उलगडून सांगितलं. पट्टीच्या सोनेरी कडेवर मळ बसतो, संपर्क तुटतो, कम्प्युटर उठत नाही. खोडरबर फिरवला की उठतो. आणि मशीनची पसंती लेबलावर छापलेली असते. ती वाचायची आणि ड्रॉवरमधून तसलीच काढायची.

"पण माझा चालू झाला ना?" काकू म्हणाल्या.

"झाला. खोडरबराने."

"मग खोडरबरात शक्ती असेल."

गर्दीला हे पटलं. बाबाने टॉर्च काढून खिशात ठेवली आणि ती कोरलेली पट्टी उंच धरली. "मग डॉक्टर, ही कुणी खाल्ली?"

दंतवैद्य हातातल्या चादरीची घडी घालू लागला. मत्सरी म्हणवून घेण्यात निदान थोडा रुबाब होता. ड्रिलमध्ये तोही नव्हता.

बायकोने पट्टी हातात घेतली. दिवसभर रेषा मोजणारी बाई ती. दोन्ही खाचा तिने नीट बघितल्या.

"अहो," ती म्हणाली, "मत्सर इतका गोल नसतो. हे तुमचं ड्रिल आहे."

गर्दीत कुणीतरी खोकलं. ती लेबल वाचत राहिली. "हिच्यावर डीडीआर-चार लिहिलंय. आपल्या जुनीवर डीडीआर-तीन. पिढीच वेगळी. चुकीची पट्टी बसूच नये म्हणून तर खाच वेगळ्या जागी ठेवतात, आणि तुम्ही ती जागाच बदललीत." मग ती लोकांकडे वळली. जुन्या पट्टीचं लेबल वाचा, मदरबोर्ड किती मेमरी पेलतो ते बघा, त्याच पिढीची आणा. खाच जुळली नाही तर थांबा, नवस बोलू नका आणि ड्रिलही घेऊ नका, असं तिने सांगितलं.

"पण घरात जळणारं कुणी आहे की नाही?" काकूंनी विचारलं.

"आहे," ती म्हणाली. "जळण्याने कम्प्युटर बंद पडत नाही."

मेमरी तिने स्वतः निवडली, स्वतः बसवली. मोठा नकाशा आता चटकन उघडतो. ती त्याच्याकडे पूर्वीपेक्षाही मायेने बघते, आणि दंतवैद्य मागे गादीवर पडून जळतो. कम्प्युटर उत्तम चालतो.

तरी सर्व संबंधित चमत्कारकर्त्यांना विनंती करण्यात येते, की यापुढे कोणताही चमत्कार करताना दिवे चालू, झाकण उघडे व तोंड मोकळे ठेवावे, आणि पहिल्या रांगेतली एक खुर्ची कुणातरी मत्सरी नवऱ्यासाठी राखीव ठेवून तसे लेखी कळवावे.